शेवटच्या दुखण्यातील बोलणे

ज्युबिलीच्या स्मरणिकेत काय लिहावयाचे असते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, शाळेच्या खोल्या केव्हा वाढल्या, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, याचा वृत्तांत या पुस्तिकेत अन्यत्र आलाच आहे. आम्हांस इतिहासावर चार शब्द लिहिण्याची सूचना झाली, तेव्हा आम्ही कचेरीच्या कपाटातून तीन नोंदवह्या काढल्या : स्नानसंस्काराची, विवाहाची आणि मृतांची. पहिल्या दोन वह्या दाखल्यांसाठी वारंवार उघडल्या जातात. त्यांची पाने बोटांनी काळवंडली आहेत. तिसरी बहुधा मिटलेलीच असते. तिच्यात नाव, वय, मृत्यूचे कारण व दफनाची तारीख यांखेरीज आणखी एक रकाना असतो. मृताला शेवटचे कोणते संस्कार मिळाले, हे त्यात लिहावयाचे. प्रस्तुत लेख त्या एका रकान्याविषयी आहे.

जुन्या पानांवर त्या रकान्यात बहुधा तीन शब्द आढळतात : पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, अभ्यंग. याचा अर्थ असा की, तो मनुष्य शुद्धीवर होता, बोलत होता, आपण निघालो हे त्याला कळले होते. त्याने मन मोकळे केले, वाटेची शिदोरी म्हणून ख्रिस्तप्रसाद घेतला आणि मग तेल लावून घेतले. अलीकडच्या पानांवर तिहींपैकी एकच शब्द उरला आहे, आणि पुष्कळदा त्याच्यापुढे ‘बेशुद्धावस्थेत’ अशी पुस्ती जोडलेली आहे. क्वचित् रकाना कोराच आहे. श्रद्धा उणावली म्हणून असे झाले, असे आम्हांस वाटत नाही. रविवारी मिस्साला येणारी घराणी तीच आहेत. उणावले आहे ते आजाऱ्याच्या खाटेजवळचे बोलणे.

खानदेशात मरण ही पूर्वी दूरची गोष्ट नव्हती. १८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग पुढे इलाखाभर पसरला. त्याच सुमारास, १८९९-१९०० साली, दुष्काळ पडला. आणि १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे, आणि याबद्दल परमेश्वराचे व वैद्यकशास्त्राचे आभारच मानले पाहिजेत. परंतु त्या वीस वर्षांच्या काळातील लोकांना एक विद्या अवगत होती, ती सत्तर वर्षांच्या काळात आपण हरवून बसलो. मनुष्य घरी मरत असे, सर्वांच्या देखत मरत असे. आपले हिंदू शेजारी आजाऱ्याला खाटेवरून भुईवर घेत, मुखात गंगाजल व तुळशीपत्र घालीत, आणि काही इच्छा राहिली आहे काय, असे त्याला स्पष्ट विचारीत. मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी त्याच्या कानी कलमा पडे. ख्रिस्ती घरात मेणबत्ती लागे, हाती क्रूस दिला जाई, आणि शेजारपाजार गुडघे टेकून संतांची प्रार्थनामाला म्हणे. हे सारे लहान मुले उंबऱ्यातून पाहत असत. त्यांना कोणी हाकलीत नसे.

सांप्रत आजारी मनुष्य जळगाव, धुळे येथील दवाखान्यांतून, अथवा तेथे इलाज न चालल्यास रात्रीच्या गाडीने मुंबईस नेला जातो. सोबत कागदपत्रांची जाड फाईल असते. ती फाईल सर्वांनी वाचलेली असते. ज्याच्या नावाची ती असते त्याने मात्र नाही. ‘डॉक्टरसाहेब, त्यांना सांगू नका’, ही विनंती मुलगा करतो. ‘मुलांना कळू देऊ नका’, ही विनंती आजारी बाप करतो. दोघेही एकमेकांवरील प्रेमानेच करतात, आणि दोघांनाही सारे ठाऊक असते. मग महिना महिना एकाच खोलीत बसून ही माणसे कापसाचा भाव आणि जावयाची बदली यांखेरीज काही बोलत नाहीत. यात एक गमतीची गोष्ट आहे. ज्या घरात रोज जपमाळ होते, त्या घरात एका बैठकीत पन्नासाहून अधिक वेळा ‘नमो मरिये’ म्हटले जाते; आणि त्या प्रार्थनेचा उत्तरार्ध, जो १५६८ च्या रोमी प्रार्थनाग्रंथात कायम झाला, तो आपल्या मरणघटकेचे नाव घेऊनच संपतो. पन्नास वेळा देवमातेजवळ ज्याचा उच्चार करावयाचा, त्याचा एकदाही खाटेवरच्या माणसाजवळ करावयाचा नाही, असा हा प्रकार आहे.

मरणाविषयी दहा माणसांत बसून मोकळेपणाने बोलणे हे परदेशातून आलेले खूळ आहे, असे काही जण म्हणतात. त्यांना आम्ही आपल्याच धुळ्यातील एका रविवारची आठवण देतो.

१९३२ च्या सविनय कायदेभंगात शिक्षा होऊन विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात आले. त्या वेळी तेथे राजबंद्यांचा मोठा मेळा होता. जमनालाल बजाज होते, अमळनेरच्या शाळेतील मास्तरकी सोडून चळवळीत पडलेले साने गुरुजी होते. बंद्यांच्या आग्रहावरून विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन करावयास आरंभ केला. अठरा रविवारी अठरा अध्याय झाले. शेवटचे प्रवचन १९ जून रोजी झाले. साने गुरुजींनी ती बोलता बोलता लिहून घेतली, म्हणूनच आज ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ आपल्यापुढे आहे. गुरुजींची लेखणी नसती तर ती वाणी तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेली असती.

यांपैकी आठवे प्रवचन १० एप्रिल रोजी झाले, आणि त्याचा विषय मरण हा होता. मनुष्याच्या अंतकाळी मनात काय येईल, हे त्याच्या साऱ्या आयुष्यातील सवयींवर अवलंबून असते. शेवटचा विचार ऐन वेळी उसना आणता येत नाही, तो रोजच्या वागण्यातून पिकावा लागतो, असा त्याचा आशय. विनोबा तेथे म्हणतात की, आपण मरणाचा विचार टाळतो, जणू विचार टाळल्याने मरण टळणार आहे. नाथांची एक गोष्टही ते सांगतात. एका गृहस्थाने एकनाथमहाराजांस विचारले, आपले जीवन इतके निर्मळ कसे? नाथांनी त्याला उत्तर न देता, तू सात दिवसांनी मरणार आहेस, असे सांगितले. सात दिवसांनी नाथ त्याच्याकडे गेले तेव्हा पाप करावयास त्याला सवडच झाली नव्हती. आणि, वाचकहो, विशेष हे की, त्याच प्रवचनात विनोबांनी एका कॅथलिक लेखकाची साक्ष काढली आहे. तो म्हणजे फ्रान्सचा पास्कल. मृत्यू सदैव पाठीशी उभा आहे आणि मनुष्य त्याला विसरण्याच्या खटपटीत आहे, हा पास्कलचा विचार विनोबांनी धुळ्याच्या बंद्यांपुढे मांडला.

पास्कलच्या स्वतःच्या शेवटच्या दुखण्याची हकीकत विनोबांनी सांगितली नाही, ती आम्ही सांगतो, कारण ती आपल्या रकान्याशी लागू आहे. १६६२ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो अंथरुणास खिळला. त्याने ख्रिस्तप्रसाद मागितला. वैद्य म्हणाले, दुखणे तितके गंभीर नाही, घाई कशाला? तो पुन्हा पुन्हा मागत राहिला, आणि घरची माणसे वैद्यांच्या शब्दावर विसंबून पुढे ढकलीत राहिली. असाध्य रोग्यांच्या धर्मार्थ रुग्णालयात आपल्याला न्यावे, गरिबांच्या संगतीत मरू द्यावे, हीही त्याची इच्छा पुरी झाली नाही. अखेर अगदी शेवटी त्याला ख्रिस्तप्रसाद मिळाला आणि १९ ऑगस्टला तो निवर्तला. पॅरिस आणि खानदेश यांत सहस्रावधी कोसांचे अंतर आहे. पण ‘घाई कशाला?’ हे शब्द आम्ही जळगावातही ऐकले आहेत.

साने गुरुजींवर त्या रविवारचा काय परिणाम झाला हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. एवढे मात्र खरे की, पुढल्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची रचना पाहा. आश्रमातील मुले सांजवेळी एकत्र बसतात आणि श्याम एकेक रात्री एकेक आठवण सांगतो. शेवटच्या रात्री आईच्या शेवटच्या दुखण्याच्या आहेत. श्याम दूर शिकत असतो; तो पोहोचण्यापूर्वीच आई गेलेली असते. जे बोलणे आईजवळ व्हावयाचे राहिले, तेच तो पुढे सोबत्यांजवळ रात्रीमागून रात्री बोलतो, असे आम्हांस ते पुस्तक वाचताना नेहमी वाटते. महाराष्ट्रातील घराघरांतून हे पुस्तक वाचून लोक रडले. परंतु त्यातील आजारी आईजवळ बसून कोणते शब्द बोलता आले असते, हा विचार फारसा कोणी केला असेलसे दिसत नाही.

आता आपल्या घरचे सांगतो. ख्रिस्तसभेतही हे बोलणे कसे मागे पडत गेले, याला इतिहास आहे. संत याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने वडील मंडळीला बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे; ‘मरणाऱ्याने’ असे सांगितलेले नाही. ४१६ साली पोप पहिले इनोसंट यांनी लिहिलेल्या एका पत्रावरून दिसते की, बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल त्या काळी साधे भाविकही आपल्या व आपल्या घरच्यांच्या दुखण्यात वापरीत असत. मध्ययुगात मात्र हे तेल हळूहळू मरणशय्येकडे सरकले आणि त्याला ‘अंत्याभ्यंग’ हे नाव पडले. १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने हा संस्कार आजाऱ्यांसाठी, विशेषेकरून निघण्याच्या बेतात असलेल्यांसाठी आहे, असे म्हटले. लोकांनी त्यातील ‘विशेषेकरून’ तेवढे लक्षात ठेवले. तथापि त्या युगातील लोक मरणाविषयी मुके नव्हते. युरोपात काळ्या महामारीनंतर पंधराव्या शतकात ‘मरण्याची कला’ या विषयावर छोटी पुस्तके निघाली. त्यांत आजाऱ्याजवळ बसलेल्या मित्राने कोणते प्रश्न विचारावे, हेही दिलेले असे. १६४८ साली रोममध्ये येशूसंघीयांनी सुमरणासाठी एक बंधुसंघच काढला. संत योसेफ हा सुमरणाचा आश्रयदाता, हे तर आपल्यातील लहान मूलही जाणते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले की, या संस्काराला ‘रुग्णाभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य, आणि दुखण्याने वा वार्धक्याने धोका दिसू लागला की तो घेण्याची वेळ झालीच. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी नवा विधी लागू केला. कपाळास व हातांस तेल लावावे. ऑलिव्हचे तेल न मिळाल्यास दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालेल, अशी सवलतही त्यात आहे. नाव पालटले, विधी पालटला. भीती मात्र पालटली नाही. फादर आले म्हणजे आटोपले, ही समजूत अर्ध्या शतकानंतरही आमच्या पुढे पुढे चालते आणि दार उघडण्यापूर्वी घरात शिरते.

एका घरून आम्हांस बोलावणे आले. मुलगा दारातच भेटून म्हणाला, “फादर, झगा घालून आला नाहीत हे बरे केलेत. सहज भेटीला आलो म्हणा. तेलाची कुपी खिशातच राहू द्या, बाबा घाबरतील.” आम्ही आत जाऊन बसलो. रेल्वेत जन्म काढलेले ते गृहस्थ. हवापाण्याच्या चार गोष्टी झाल्या. मुलगा चहा आणावयास वळला तसे वृद्ध हळूच म्हणाले, “फादर, तेल आणलंय ना? याला सांगू नका, घाबरेल तो.” आम्ही मुलाला हाक मारून परत आत बोलावले आणि दोघांसमोर कुपी काढली. त्यानंतर त्या घरात जे बोलणे झाले ते त्यांचे आहे, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. ते गृहस्थ पुढे चार महिने जगले. त्यांच्या नावापुढे त्या रकान्यात तिन्ही शब्द आहेत.

बोलावयाचे ते काय, हा प्रश्न मात्र पूर्वीपेक्षा आज अवघड झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी मनुष्य मरत असे. आज पुष्कळ वेळा कोणीतरी ठरवावे लागते. यंत्र लावावयाचे की नाही, लावलेले काढावयाचे की नाही? याविषयी पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी वैद्यांच्या एका मंडळीपुढे जे सांगितले, ते आमच्या लोकांपर्यंत अद्याप पोहोचलेले नाही. प्राण राखण्यासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे. परंतु आजाऱ्यावर वा त्याच्या माणसांवर असह्य भार टाकणारे असामान्य उपाय करण्याचे बंधन नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांनी असेही सांगितले होते की, वेदना शमविणारे औषध आयुष्य काहीसे उणे करील अशी शक्यता असली तरी, हेतू वेदना शमविण्याचाच असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर ते देता येते. शेत विकून बापाला शेवटचे आठ दिवस यंत्रावर ठेवले नाही, म्हणून स्वतःला खुनी समजणारे मुलगे आम्ही पाहिले आहेत. त्यांना हे कोणी वेळेवर सांगितले असते तर बरे झाले असते.

येथे विनोबांच्या अखेरीचा उल्लेख टाळून चालणार नाही. धुळ्यातील त्या प्रवचनानंतर पन्नास वर्षांनी, १९८२ च्या नोव्हेंबरात, पवनार आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. थोड्याच दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी व औषध तिन्ही नाकारले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. वय सत्याऐंशी वर्षांचे. त्यांनी काही लपविले नाही; भोवतालच्या मंडळींना आपला निश्चय ठाऊक होता, आणि ज्या शांततेने ते गेले तिच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि आमच्या धर्माची शिकवण या ठिकाणी त्यांच्यापासून वेगळी होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जड उपचार नाकारणे निराळे, आणि पोटात जात असलेले अन्नपाणी मरण यावे म्हणून सोडणे निराळे. पहिल्यास ख्रिस्तसभेची मुभा आहे, दुसऱ्यास नाही. देहाला अन्नच पेलवेनासे झाले, तर बळेच भरविण्याचा आग्रह मात्र तिनेही धरलेला नाही.

कायद्यानेही हा प्रश्न हाती घेतला तो महाराष्ट्रातील एका परिचारिकेमुळे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम करणाऱ्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला, आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कूस पालटली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ. त्यांचे अन्न थांबवावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्यांच्यावतीने बोलण्याचा अधिकार सेवा करणाऱ्यांचा आहे, असे मानले. मात्र त्याच निकालाने काही प्रसंगी, उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली, कृत्रिम उपाय काढून घेण्याची वाटही मोकळी केली. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने प्रत्येक सज्ञान मनुष्यास आपल्या शेवटच्या उपचारांविषयी आगाऊ लेख करून ठेवण्याचा हक्क दिला. तो लेख करणे प्रथम फार किचकट होते. २४ जानेवारी २०२३ च्या हुकुमाने ते सोपे झाले. दोन साक्षीदार, आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही, एवढे पुरते. त्याची प्रत नगरपालिका, महानगरपालिका वा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवावयाची असते. कॅथलिक मनुष्याने असा लेख करावा काय, असे आम्हांस विचारतात. करावा, आपली शिकवण त्यात स्पष्ट लिहून करावा. परंतु कागदाने काम भागते असे समजू नये. ज्याच्या हाती तो लेख पुढे वाचला जाणार, त्याच्याशी आधी बोलणे झाले नसेल, तर ऐन वेळी तो कागद ट्रंकेतच राहतो.

आणखी एक गोष्ट. मरणाची गोष्ट काढली म्हणजे उपचार सोडले, असे नव्हे. लंडनमध्ये १९६७ साली डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी असाध्य रोग्यांच्या शुश्रूषेसाठी संत ख्रिस्तोफरच्या नावाने आधुनिक पद्धतीचे शुश्रूषागृह काढले. आपल्या देशातील तसे पहिले घर मुंबईत वांद्र्यास १९८६ साली उभे राहिले. ते ‘शांती आवेदना सदन’. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते स्थापिले, आणि पवित्र क्रूसाच्या संघातील भगिनी तेथील सेवा पाहू लागल्या. ज्यांचा इलाज संपला त्यांची सेवा तेथे संपत नाही. वेदनेसाठी लागणारे मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे देशभर दुर्मीळ झाले होते. तो कायदा २०१४ साली सैल झाला. केरळात तर १९९३ साली कालिकतला आरंभ झालेल्या कार्यातून गावोगावचे साधे लोक शिकून शेजारच्या आजाऱ्याच्या घरी जाऊ लागले : दुकानदार, विद्यार्थी, रिक्षावाले. ते जखम धुतात, औषध पाहतात आणि बसून बोलतात. आमच्या धर्मग्रामात परिचारिका भगिनींची उणीव नाही, निवृत्त रेल्वेवाले आहेत, शिक्षक आहेत. खानदेशात हे का होऊ नये, याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेस आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो, आणि घरी येऊन जेवतो. त्या महिन्यातील रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, शाळेच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. प्रवचन नाही. ज्यांनी घरी आजारी माणसाची सेवा केली आहे, त्यांनी आपले सांगावे. ज्यांच्या घरी सांप्रत दुखणे आहे, त्यांनी विचारावे. वृद्धांनी मुलांस सोबत आणावे, आणि मुलांनी त्यांना ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून मध्येच थांबवू नये. आगाऊ लेखाचा नमुना कचेरीत मराठीत करून ठेविला आहे. आणि आजाऱ्यांचे तेल, जे बिशपमहाशय दर वर्षी पवित्र सप्ताहाच्या सुमारास आशीर्वादित करून देतात, ते आमच्याकडे बाराही महिने असते. शस्त्रक्रियेस मुंबईला निघण्यापूर्वी निरोप द्यावा. गाडी रात्रीची असली तर दुपारी आम्ही घरीच असतो.